कॅमेरा कोणता चांगला? आपला चेहरा आपलाच ठेवील तो!

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला ज्यांनी परमपूज्य बाबासाहेबांकडून धम्मदीक्षा घेतली, त्या पिढीतील कितीतरी माणसे एकही फोटो मागे न ठेवता गेली. आमच्या आजोबांचेही तसेच झाले. ते दिसायला कसे होते, हे सांगणारी आज एक आत्याच तेवढी उरली आहे. आता परिस्थिती पालटली आहे. मंगल परिणय असो, नामकरण असो की वर्षावासाची सांगता, कॅमेऱ्याशिवाय कार्यक्रम होत नाही. आपली मुलेही या धंद्यात उतरली आहेत. तेव्हा कोणत्या कॅमेऱ्याचा फोटो सरस, हा प्रश्न आपल्यासाठी केवळ हौसेचा नाही. आम्ही दोघे भाऊ लग्नसमारंभांचे फोटो काढतो. त्या अनुभवातील चार गोष्टी समाजबांधवांपुढे ठेवाव्यात, असे वाटते.

कॅमेरा घ्यायला गेले, की पहिला प्रश्न मेगापिक्सेलचा निघतो. हिशेब करून पाहा. 24 मेगापिक्सेलच्या फोटोत 6000 गुणिले 4000 ठिपके असतात. छपाईत इंचाला 300 ठिपके धरले, तर तो 20 इंच लांब आणि 13 इंच रुंद छापता येतो. लग्नाच्या अल्बमचे पान असते 18 बाय 12 इंचांचे. म्हणजे 24 मेगापिक्सेल पुरून उरतात. 1999 साली निकॉनचा डी1 आला तेव्हा त्यात पावणेतीन मेगापिक्सेलही नव्हते. त्या काळी या आकड्याला अर्थ होता. आज नुसत्या आकड्यावर भुलण्याचे कारण नाही.

2007 सालचे एक उदाहरण बोलके आहे. त्या वर्षी कॅननने ईओएस 1डीएस मार्क 3 आणि निकॉनने डी3 हे कॅमेरे ऑगस्ट महिन्यातच जाहीर केले. दोन्हींचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी पट्टी, सुमारे 36 बाय 24 मिलिमीटरची. कॅननने तिच्यात 21 मेगापिक्सेल बसवले, निकॉनने 12. आकड्यावर जायचे तर कॅनन जिंकला! परंतु अंधारात कॅमेरा किती चालतो हे सांगणारा आयएसओ कॅननचा नेहमीच्या मर्यादेत 1600 पर्यंत, तर निकॉनचा 6400 पर्यंत होता. भर उजेडात कॅननचा फोटो अधिक बारकाव्याचा येई. रात्रीच्या मंडपात मात्र निकॉन उजवा ठरे. म्हणजे 'सर्वांत चांगला कॅमेरा' असा नसतोच. कोणत्या कामाला चांगला, हे आधी ठरवावे लागते.

मग आपले काम कोणते? आपल्या मंगल परिणयात वधू-वर शुभ्र वस्त्रांत असतात, भोवतालची मंडळीही पांढऱ्या कपड्यांत असतात आणि चेहरे बहुतेक सावळे किंवा काळे असतात. पांढरेशुभ्र पातळ आणि काळासावळा चेहरा एकाच चौकटीत आणि तेही दुपारच्या उन्हात! कॅमेऱ्याची याहून कठीण परीक्षा नाही. कॅमेऱ्यातील उजेड मोजणारी यंत्रणा समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचे आहे असे धरून चालते. समोर पांढरे फार आले, की ती उजेड कमी करते. पातळ छान दिसते, पण चेहरा अंधारात जातो. उलट चेहऱ्यासाठी उजेड वाढवला, तर पातळाची वीण पुसून नुसता पांढरा डाग उरतो. सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद भाग एकाच वेळी टिपण्याच्या ताकदीला डायनॅमिक रेंज म्हणतात. आपल्या दृष्टीने हाच खरा गुण होय.

आम्ही हे घरीच पडताळून पाहिले. 2012 साली आलेले दोन कॅमेरे, निकॉन डी800 आणि कॅनन 5डी मार्क 3, आता जुन्या बाजारात परवडतात. आत्याला पांढरे पातळ नेसवून अंगणात बसवले आणि दोन्हींनी सारखाच फोटो घेतला, पातळाची वीण राहील इतक्याच उजेडात. नंतर संगणकावर दोन्ही चेहरे सारखेच उजळले. निकॉनच्या फोटोत गालाच्या सुरकुत्या, कपाळावरचे हिरवे गोंदण, सारे जसेच्या तसे वर आले. कॅननच्या फोटोत गडद भागात कण आणि आडव्या-उभ्या रेषा उमटल्या. आत्याला तांत्रिक काही कळत नाही. तिने दोन्ही फोटो हातात घेतले आणि म्हणाली, "ही मी आहो. पण याच्यातलं माझं गोंदण कुठं गेलं रे?" डीएक्सओमार्क ही फ्रान्समधील संस्था कॅमेऱ्यांची मोजणी करते. तिच्या मोजणीत डी800 ची डायनॅमिक रेंज 14.4 टप्पे, तर 5डी मार्क 3 ची 11.7 टप्पे आहे. प्रत्येक टप्पा म्हणजे दुप्पट. त्या हिशेबाने फरक सहापटीहून मोठा होतो. आत्याच्या डोळ्यांनी नेमके तेच ओळखले!

तथापि कॅननवर अन्याय नको. हा फरक कमी आयएसओवर, म्हणजे भरपूर उजेडात दिसतो. संध्याकाळी सभागृहात आयएसओ 3200 वर काढलेल्या फोटोंत दोघांत निवड करणे आम्हाला जमले नाही. पुढे 2016 च्या 5डी मार्क 4 मध्ये कॅननने ही उणीव बरीच भरून काढली.

राहिला रंगाचा प्रश्न. यंत्र तटस्थ असते, असे आपण समजतो. पण यंत्र कोणाचा चेहरा समोर ठेवून जुळवले, हे विचारले पाहिजे. रंगीत फिल्मच्या काळात कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना एक नमुना-फोटो पाठवी. त्यावर गोरी स्त्री असे. 'शर्ली कार्ड' या नावाने तो ओळखला जाई आणि तिची कांती बरोबर आली, की रंग बरोबर, असे मानले जाई. काळ्या माणसांचे चेहरे बिघडले, तर दोष चेहऱ्यांचा! अनेक वंशांच्या चेहऱ्यांचे कार्ड यायला 1990 नंतरचे दशक उजाडले. अमेरिकेत 1970 साली पोलरॉइड कंपनीतील कॅरोलाइन हंटर आणि केन विल्यम्स या कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांनी, आपल्या कंपनीचे कॅमेरे दक्षिण आफ्रिकेत काळ्यांच्या पासबुकांसाठी वापरले जातात, हे उघड करून लढा पुकारला. त्यांना नोकरीला मुकावे लागले. पण 1977 साली कंपनीला तिथला व्यवहार थांबवावा लागला. कॅमेऱ्यालाही सामाजिक न्यायाचा प्रश्न लागू असतो, तो असा.

आपल्याकडे तर हा प्रश्न घरात शिरला आहे. आमच्या मामेबहिणीचा वधू-वर परिचयासाठी काढलेला फोटो एका स्टुडिओने न विचारताच दोन छटा गोरा करून दिला. पाहुणे आले आणि "फोटोत वेगळी दिसते," म्हणून चहा पिऊन निघून गेले. मुलगी पदवीधर, नोकरी करणारी. तिला वाटले, आपल्यातच काही कमी आहे! जन्मावरून माणूस हलका ठरवणारी व्यवस्था आपण नाकारली. मग कातडीवरून हलका ठरवणारी कशी चालवून घेतो?

म्हणून तरुण छायाचित्रकारांना सांगणे आहे. फोटो रॉ स्वरूपात घ्या. त्यात 14 बिटांत प्रत्येक रंगाच्या 16,384 पायऱ्या राहतात, जेपेगमध्ये फक्त 256. अमुक कंपनीची त्वचा गुलाबी, तमुकची पिवळी, हा वाद बहुतांशी जेपेगचा आहे. रॉ फोटोत रंग आपल्या हाती असतो. उजेड चेहऱ्यावर मोजा, पातळावर नव्हे. भीमजयंतीच्या मिरवणुकीत निळ्या दिव्यांखाली निळा रंग लवकर ओसंडतो, तिथे उजेड थोडा कमी ठेवा. आणि कॅमेरा घेण्यापूर्वी दुकानातल्या पुठ्ठ्याचा नव्हे, आपल्या आईचा फोटो काढून पाहा. ऐकीव म्हणून मानू नका, स्वतः पडताळा, हे भगवंतांनी कालामांना सांगितले. ते जाहिरातींनाही लागू आहे.

आणि फोटो काढून घेणाऱ्यांनी एवढेच करावे. पैसे देण्याआधी स्टुडिओला बजावून सांगावे, की रंग बदलायचा नाही. पुढच्या पिढीला आपला खरा चेहरा पाहण्याचा हक्क आहे.