पौषातली पिल्लं

मुंबईकराला थंडीचं भारी कौतुक. पारा सोळापर्यंत उतरला की लालबागच्या चाळीत ट्रंकेतले स्वेटर बाहेर येतात, कानटोप्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास असतो आणि दादरच्या फुलबाजारात पहाटे हमाल चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरून उभे राहतात. २२ जानेवारी १९६२ला सांताक्रूझला ७.४ आणि कुलाब्याला ११.७ अंशांपर्यंत पारा घसरला होता. पण तशी थंडी क्वचितच. एरवीचा गारठा आपण मिरवण्यापुरताच.

मिरवणाऱ्याच्या अंगावर स्वेटर असतो, एवढंच आपण विसरतो.

भायखळ्याच्या राणीच्या बागेत २०१६ साली हम्बोल्ट पेंग्विन आले. त्यांच्यासाठी काचेआड १६ ते १८ अंश तापमान यंत्रं रात्रंदिवस सांभाळतात. तिथून जवळच, परळच्या एखाद्या फुटपाथवर, तेवढ्याच तापमानात कुत्रीची चार पिल्लं एकमेकांच्या पोटाखाली शिरत असतात. पारा तोच, एकाला तो मानवतो, दुसऱ्याच्या जिवावर उठतो.

कुत्र्यांचा भाद्रपद सगळ्यांना ठाऊक. त्यापुढे गर्भारपणाचे साधारण ६३ दिवस मोजले की कार्तिक-मार्गशीर्ष येतो. म्हणजे मुंबईचा जो काही गारठा, तो नेमका या पिल्लांच्या वाट्याला. उशिरा जन्मलेली तर थेट पौषातच डोळे उघडतात. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पिल्लाला स्वतःच्या अंगाची ऊब धरता येत नाही, सुरुवातीला तर कुडकुडताही येत नाही. ते गप्प पडून राहतं आणि आपण म्हणतो, किती शांत झोपलंय!

गार पडलेल्या पिल्लाला आधी दूध पाजू नये. ते पचत नाही, शिवाय श्वासनलिकेत जाण्याची भीती. आधी ऊब, मग अन्न. फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली शेजारी ठेवावी, आणि आई जवळपास असेल तर पिल्लाला तिच्यापासून तोडू नये. खालची लादी वाऱ्याइतकीच वाईट. पुठ्ठा, त्यावर कोरडं गोणपाट, आणि जागा जिन्याखालची, वारा न लागणारी. ओलं गोणपाट असण्यापेक्षा नसलेलं बरं.

घरातल्यांचंही पाहावं. म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे पहाटे धरतात. त्याला सकाळी उन्हं आल्यावर फिरवावं, आंघोळ दुपारी घालून पुरतं कोरडं करावं. गॅलरीतला लव्हबर्डचा पिंजरा रात्री आत घ्यावा. जागा नसेल तर तीन बाजूंनी चादर, चौथी हवेला मोकळी. दाट केसांच्या लॅब्राडोरला मात्र फोटोपुरता स्वेटर चढवू नये.

या शहराला जनावरांची माया नवी नाही. १८३२ साली भटकी कुत्री मारण्याविरुद्ध इथले पारशी रस्त्यावर उतरले. दोन वर्षांनी गिरगावाला लागूनच असलेल्या भुलेश्वरात पांजरापोळ उभी राहिली. परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून मुक्या जिवांना औषध देतं आहे. पण पौषातल्या पहाटे कुठलीही संस्था प्रत्येक जिन्याखाली पोचत नाही. तिथे पोचतो तो वॉचमन, दूधवाला, पहिल्या पाळीला निघालेला शेजारी. कुणी शेकोटीशेजारी कुत्र्यालाही जागा देतो, कुणी जुनी सतरंजी टाकून जातो, नाव न सांगता.

तेव्हा उद्या सकाळी गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा. उबेला आत शिरलेलं मांजर बाहेर पडेल. आणि सोसायटीच्या सभेत 'जिन्याखालची घाण' हा विषय निघाला, तर तो फेब्रुवारीपर्यंत पुढे ढकला. तोवर पिल्लं स्वतःच्या पायांनी निघून जातील.