नारळ, बूट आणि याद्या

दिवाळीच्या आठवड्यात विमानतळावरच्या एक्स-रे यंत्राचा पडदा नारिंगी होऊन जातो. या यंत्राच्या हिशेबात धातू निळा आणि सेंद्रिय पदार्थ नारिंगी. कपडे, कागद, साबण, खाण्याच्या वस्तू, सगळं नारिंगी. बहुतेक स्फोटकंही नारिंगीच. बेसनाचे लाडू घट्ट वळलेले, म्हणून त्यांचा रंग जरा गडद उठतो. त्यातून ते स्टीलच्या डब्यात आणि डब्याला चिकटून मोबाइलचा चार्जर, वायरींच्या गुंत्यासकट! पडद्यासमोर बसलेल्या मुलीला डबा उघडायला सांगावंच लागतं. मग काकू चिडतात. "अहो, लाडू आहेत ते! नैवेद्य व्हायचाय अजून, हात नका लावू."

मी विमान सुरक्षेत आयुष्य काढलं. आधी त्या रांगेत उभं राहून तपासण्या केल्या, नंतर तपासणाऱ्यांना शिकवलं. त्यामुळे मला काकूंचंही पटतं आणि त्या मुलीचंही. तिला सलग वीस मिनिटांच्या वर पडद्यासमोर बसवत नाहीत, कारण त्यापुढे डोळे उघडे असले तरी नजर काम करत नाही. शिवाय यंत्रच अधूनमधून तिची परीक्षा घेतं. खऱ्या बॅगेच्या चित्रात पिस्तुलाची नाहीतर बॉम्बची खोटी प्रतिमा घुसवतं. तिने बटण दाबलं तर ठीक, निसटलं तर तिच्या नावावर नोंद. असल्या परीक्षेत बसलेल्या माणसाकडून लाडवाच्या बाबतीत मोठं मन दाखवण्याची अपेक्षा करू नये.

लोक मला लग्नकार्यात गाठून नियमांचा जाब विचारतात. सगळ्यात जास्त प्रश्न खोबऱ्याचे. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या ना हातातल्या बॅगेत चालतात, ना सामानात. याचा दहशतवादाशी काही संबंध नाही. खोबऱ्यात तेल भरपूर असतं, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून जगभरच्या विमान वाहतुकीत ते ज्वालाग्राही मालात धरतात. पॉवर बँकेचं उलटं. ती हातातच ठेवायची, सामानात नाही. केबिनमध्ये पेटली तर दिसते आणि विझवता येते. विमानाच्या पोटातल्या सामानात पेटली तर कळायला उशीर होतो. हे नियम विचित्र वाटतात, पण कारण विचारलं तर उत्तर मिळतं. माझी कसोटी तेवढीच आहे.

बाकीचे बहुतेक नियम एकेका घटनेतून आलेले. २३ जून १९८५ ला एअर इंडियाचं 'कनिष्क' आयर्लंडजवळ समुद्रावर फुटलं, ३२९ माणसं गेली. बॉम्ब ज्या बॅगेत होता ती विमानात चढली होती, तिचा मालक चढलाच नव्हता. तेव्हापासून प्रवासी नाही तर त्याची बॅगही नाही, हा नियम पक्का झाला. कुणी एक जण गेटवर आला नाही म्हणून त्याची बॅग शोधून उतरवेपर्यंत विमान थांबतं, तेव्हा आपण घड्याळाकडे बघत चरफडतो. माझ्या मते आमच्या क्षेत्रातला हा सर्वांत शहाणा नियम. तो वस्तू आणि माणूस यांची जोडी जमते का एवढंच बघतो. माणसाची जात, धर्म, मतं त्याला लागत नाहीत.

आता दुसरं टोक. डिसेंबर २००१ मध्ये रिचर्ड रीड नावाच्या एका माणसाने बुटात स्फोटकं लपवून पॅरिसहून मायामीला निघालेलं विमान उडवायचा प्रयत्न केला. बूट पेटले नाहीत. पण अमेरिकेत २००६ पासून जवळपास प्रत्येक प्रवाशाला बूट काढून मोज्यांवर चालायला लावलं, ते जुलै २०२५ पर्यंत. मुलांकडे गेलेल्या आपल्याकडच्या कितीतरी आजी-आजोबांनी ती कवायत केली आहे. त्याच २००६ च्या ऑगस्टमध्ये लंडनला द्रव स्फोटकांचा कट उघडकीला आला आणि शंभर मिलिलिटरच्या बाटल्यांचं युग सुरू झालं. तेही अजून पुरतं संपलेलं नाही.

नियम घालायला एक घटना पुरते, काढायला एकोणीस वर्षं लागतात. याचं कारण सुरक्षेत नाही, सहीत आहे. नियम घालणाऱ्या अधिकाऱ्याला कुणी विचारत नाही, की बाबा, याचा उपयोग किती झाला. नियम काढणाऱ्याच्या सहीवर मात्र उद्या काही घडलं तर चौकशी लागते. तेव्हा फाइल पुढे सरकवायची कुणी? हातातल्या बॅगेला टॅग बांधून त्यावर शिक्का मारायची आपल्याकडची पद्धत आठवते? शिक्का पुसट उमटला म्हणून माणसं विमानाच्या दारातून परत पाठवली गेली आहेत. २०१७ च्या एप्रिलमध्ये मुंबई-दिल्लीसह सात विमानतळांवर ती बंद झाली. आकाश कोसळलं नाही.

नियम वाकतात, नाही असं नाही. शीख प्रवाशाला देशांतर्गत विमानात सहा इंचांपर्यंत पात्याचं कृपाण नेता येतं. शबरीमलाच्या यात्रेकरूंना २०२४ च्या हंगामात इरुमुडीतला, म्हणजे पूजेच्या गाठोड्यातला, नारळ तपासणी करून केबिनमध्ये नेऊ दिला. दोन्ही निर्णय मला मान्य आहेत. त्यामुळे विमानं असुरक्षित झाली नाहीत. फक्त लक्षात असं येतं की ज्यांच्यामागे समाज उभा आहे त्यांच्यासाठी नियम लवकर वाकतो. कृत्रिम पाय लावणारा माणूस रांगेत एकटा असतो. सुधा चंद्रन यांच्यासारख्या नामवंत नर्तिकेलासुद्धा दर वेळी पाय काढायला लावतात म्हणून ऑक्टोबर २०२१ मध्ये थेट पंतप्रधानांना व्हिडिओतून विनंती करावी लागली, तेव्हा कुठे विमानतळांची सुरक्षा सांभाळणाऱ्या सीआयएसएफने दिलगिरी व्यक्त केली. स्फोटकांचे कण टिपणारी कापडी पट्टी पायावरून फिरवायला मिनिटसुद्धा लागत नाही. ती सोय असताना भर रांगेत माणसाला पाय काढायला लावणं हा निव्वळ आळस आहे.

तरीही बॅगेच्या तपासणीबद्दल माझी फारशी तक्रार नाही. राष्ट्रपती-पंतप्रधानांपासून सुरू होणारी सूटवाल्यांची यादी सोडली तर ती सगळ्यांना सारखी असते, डोळ्यांसमोर होते आणि दोन मिनिटांत संपते. मला काळजी आहे ती याद्यांची.

पहिली यादी विमानबंदीची. मार्च २०१७ मध्ये उस्मानाबादचे तेव्हाचे खासदार रवींद्र गायकवाड यांनी विमानात कर्मचाऱ्याला मारहाण केली. कंपन्यांनी त्यांच्यावर परस्पर बंदी घातली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नियम आले: वैमानिकाची तक्रार, समितीपुढे चौकशी, तीस दिवसांत निर्णय, मग गुन्ह्याच्या पायरीप्रमाणे बंदी. चांगले नियम. पण जानेवारी २०२० मध्ये कुणाल कामरा या विनोदी कलाकाराने मुंबई-लखनौ विमानात एका वृत्तनिवेदकाला प्रश्नांनी भंडावलं, तेव्हा एका कंपनीने चौकशीआधीच सहा महिन्यांची बंदी जाहीर केली. ज्यांच्या विमानात तो बसलाही नव्हता अशा इतर कंपन्यांनीही पाठोपाठ दारं लावली. आपल्याला न विचारताच हे झालं, असं खुद्द वैमानिकाने कंपनीला लिहून कळवलं. पुढे समितीने मुदत तीन महिन्यांवर आणली. कामराचं वागणं मला आवडलं नव्हतं. पण आवडनिवड हा सुरक्षेचा निकष नव्हे.

लुकआउट सर्क्युलर, म्हणजे देशाबाहेर जाताना कुणाला अडवायचं त्यांची, ही त्याहून अवघड यादी. ती कुठल्या कायद्याने नव्हे, गृहमंत्रालयाच्या कार्यालयीन आदेशांवर चालते. आपलं नाव तिच्यात आहे हे माणसाला बहुधा इमिग्रेशनच्या खिडकीवरच कळतं, सामान आत गेल्यावर. मध्यंतरी सरकारी बँकांच्या प्रमुखांनाही अशी सर्क्युलरं मागवायचा अधिकार दिला होता. एप्रिल २०२४ मध्ये न्या. गौतम पटेल आणि न्या. माधव जामदार यांच्या खंडपीठाने मुंबई उच्च न्यायालयात तो रद्द ठरवला. परदेशी जाण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये येतो आणि तो न्याय्य प्रक्रियेशिवाय काढून घेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मनेका गांधी खटल्यात १९७८ मध्येच सांगितलं होतं. थकलेलं कर्ज वसूल करायला विमानतळाचं दार वापरायचं, हे आम्हा सुरक्षावाल्यांना कुणी शिकवलेलं नाही.

आणि आता आपण हौसेने एका नव्या नोंदवहीत चेहरा देतो आहोत. डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालेली, चेहरा ओळखून विमानतळात आत सोडणारी डिजियात्रा पुण्या-मुंबईतही आहे. सोय आहे, रांग वाचते, मी नाकारत नाही. प्रवासाची माहिती चोवीस तासांत पुसली जाते असं सांगतात. पण डिजियात्रा चालवणारी संस्था सरकारी खातं नाही, विमानतळ प्राधिकरण आणि पाच विमानतळ कंपन्यांची मिळून काढलेली कंपनी आहे. मध्यंतरी काही ठिकाणी प्रवेशद्वारावरच फारसं न विचारता लोकांचे फोटो घेऊन नोंदणी उरकल्याच्या तक्रारीही झाल्या. बॅगेतला चाकू जप्त झाला तर दुसरा घेता येतो. चेहरा बदलता येत नाही.

तेव्हा एक विनंती. लाडवाचा डबा उघडायला सांगितला तर न चिडता उघडा. तपासणाऱ्या मुलीचं ते काम आहे. पण दारात कुणी 'इकडे बघा' म्हणून कॅमेरा पुढे केला तर आधी विचारा, हे कशासाठी. डिजियात्रा ऐच्छिक आहे. नको असेल तर तसं स्पष्ट सांगा आणि ओळखपत्र, तिकीट दाखवून शेजारच्या रांगेने आत जा. त्यासाठी कुणालाही कारण द्यायची गरज नाही.