तिसऱ्या भागाचे लेखन

विनोदी लेखक घरात गंभीर असतो, असा एक समज वाचकांत रूढ आहे. आमच्यापुरता तो खोटा आहे. सध्या आम्ही आमच्या विनोदी कादंबरीमालेचा तिसरा भाग लिहीत आहोत, आणि पहाटे पाचपासून तुकोगंजातील आमच्या खोलीतून एकट्याच माणसाचे हसणे ऐकू येते. पहिल्या भागाच्या वेळी सौभाग्यवती दार उघडून पाहून जात. आता नुसता चहा पाठवितात.

आजवर एकशेदहा पाने झाली. पात्रे जुनीच. जगाला शिस्त लावू पाहणारे एक निवृत्त हेडमास्तर आणि त्यांच्याकडे आठ दिवसांसाठी आलेले मेहुणे, जे दोन भाग संपले तरी परतलेले नाहीत. मालिकेचे सुख हेच. नव्या पात्रांची ओळख करून घ्यावी लागते; ही आपणहून येऊन बसतात. आम्ही फक्त संकट पुरवावयाचे. या खेपेस गणेशोत्सवातील नाटक पुरविले. हेडमास्तरांनी मेहुण्यांना मुक्या भालदाराचे काम दिले. चौथ्या प्रकरणापर्यंत त्या मुक्या भालदाराला सतरा वाक्ये झाली होती. ती आम्ही घातली नाहीत, एवढेच आम्ही शपथेवर सांगू शकतो.

पथ्य एकच, पण कडक. पात्रांनी शहाणे होता कामा नये. मेहुण्यांनी एकदा का परतीचे तिकीट काढले की मालिका आटोपली.

चिं. वि. जोशी (१८९२-१९६३) हे पथ्य उत्तम जाणत. बडोद्यात पाली भाषेचे अध्यापन करणाऱ्या या विद्वानाने चिमणराव आणि गुंड्याभाऊ यांना वर्षानुवर्षे नाना फजित्यांतून फिरविले. पण चिमणराव भाबडेच राहिले आणि गुंड्याभाऊंचा आवेश ओसरला नाही. महाराष्ट्राबाहेर राहून लिहिलेले हे विनोदी संसार सगळ्या महाराष्ट्राने आपले मानले, ही गोष्ट आम्हां बाहेरच्यांना धीर देते. तिकडे इंग्रजीत वुडहाउस यांनी १९१५ साली ब्लँडिंग्ज नावाच्या किल्ल्यातील पहिली कादंबरी लिहिली, आणि १९७५ मध्ये त्र्याण्णवाव्या वर्षी ते वारले तेव्हाही त्याच किल्ल्यातील एक कादंबरी अपुरी होती. साठ वर्षे एका घरी पाहुणचार घेऊनही त्यांना कंटाळा आला नव्हता!

आमची खरी अडचण भाषेची आहे. आमची पात्रे इंदुरी मराठी बोलतात. त्यांना एखादी गोष्ट ‘कळत’ नाही, ‘माहीत पडते’. ती ‘येत आहेत’ नसतात, ‘येऊन राहिली’ असतात. पुण्याच्या एका स्नेह्यांनी हस्तलिखितातील असे सारे शब्द प्रेमाने शुद्ध करून पाठविले. आम्ही वाचून पाहिले. व्याकरण निर्दोष होते. पण मेहुणे नाहीसे झाले होते. त्यांच्या जागी कोणी सभ्य गृहस्थ बसले होते आणि त्यांना हसण्याचे काही कारण नव्हते. आम्ही कृतज्ञतापूर्वक मूळचेच शब्द ठेवले.

हा हट्ट विनोदापुरताच नाही. तुकोगंजातील बागांचे बंगले एकेक करून गेले, उंच इमारती आल्या. त्या बंगल्यांच्या ओसरीवर जी मराठी बोलली जाई, तिला व्याकरणाच्या पुस्तकात जागा नाही. कादंबरीतही मिळाली नाही, तर तिने जावे कोठे?

आमची नात बंगळुरास असते. तिला मराठी वाचता येते, ते हिंदीच्या पुण्याईने, आणि अडखळत. दर रविवारी आम्ही तिला दूरध्वनीवर नवे प्रकरण वाचून दाखवितो. गेल्या रविवारी भालदाराच्या एका वाक्याला ती खळखळून हसली आणि म्हणाली, “आजोबा, हे तर आजीच बोलून राहिली!”

भालदाराला अठरावे वाक्य आम्ही त्याच दिवशी दिले.