मी बाक बदलला होता

गेल्या महिन्यात शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी आमचा नववी 'ब'चा फोटो टाकला. २००१ सालचा. त्याखाली एकाने लिहिलं, "दुसऱ्या रांगेत कडेला पानीवाली बघा." मग हसण्याचे इमोजी सुरू झाले. मी मोजले, सतरा होते. सगळे चाळिशीला टेकलेले, घरोघरी शाळेत जाणारी मुलं असलेले लोक. मी फोन पालथा ठेवला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

हे लिहायला बसले ते खरं तर माझ्या आवडत्या मालिकेबद्दल. पण ही मालिका मला का आवडते हे सांगायचं तर पानीवालीबद्दल बोलावंच लागतं.

आमच्या पिढीने जपानी ॲनिमे पाहिला तो रविवारी सकाळी दूरदर्शनवर, 'जंगल बुक'मध्ये. मोगली जपानमधून आला होता हे तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं. शेरखान नाना पाटेकरांच्या आवाजात गुरगुरायचा, एवढंच आम्हाला पुरेसं होतं. पुढे कॉलेज, नोकरी, लग्न यांत ते सगळं मागे पडलं. २०१९ च्या पावसाळ्यात भाच्याने माझ्या मोबाइलमध्ये एक मालिका भरून दिली आणि म्हणाला, "मावशी, यात मारामारी नाही, तू बघ." मालिकेचं नाव 'मार्च कम्स इन लाइक अ लायन'. चिका उमिनो या लेखिकेच्या चित्रकथेवरून शाफ्ट स्टुडिओने ती केली आणि जपानच्या एनएचके वाहिनीवर २०१६ ते २०१८ मध्ये ती दोन पर्वांत दाखवली गेली. एकूण ४४ भाग.

माझं ऑफिस ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये. डोंबिवलीहून स्लो लोकल पकडली की कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा करत ठाणं यायला जेवढा वेळ लागतो, साधारण तेवढाच या मालिकेचा एक भाग. लेडीज डब्यात खिडकी मिळाली तर ठीक, नाही तर दाराजवळ उभं राहून, एका हाताने कडी धरून मी ती पाहिली. पडद्यावर टोकियोची सुमिदा नदी आणि तिच्यावरचे पूल. बाहेर मुंब्र्याला एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी. ती नदी मला कधी परकी वाटली नाही.

गोष्ट १७ वर्षांच्या रेई किरियामाची. अपघातात आईवडील आणि बहीण गेलेली, एकटा राहणारा, शोगी खेळून पोट भरणारा मुलगा. शोगी म्हणजे जपानी बुद्धिबळ. पट नऊ बाय नऊचा, प्रत्येकाकडे २० सोंगट्या. गोष्टीत रेई हा ज्युनियर हायस्कूलमध्ये असतानाच व्यावसायिक झालेला इतिहासातला पाचवा खेळाडू आहे. आणि मालिका सुरू झाली त्याच ऑक्टोबर २०१६ मध्ये सोता फुजीई नावाचा १४ वर्षांचा खरा मुलगा खरोखरच असा पाचवा व्यावसायिक झाला. २०२३ मध्ये त्याने शोगीचे आठही मोठे किताब एकाच वेळी आपल्याकडे आणले. हा योगायोग वाचून मी थक्क झाले होते. पण माझं मन अडकलं ते रेईमध्ये नाही. पुलापलीकडे एका घरात तीन बहिणी आणि त्यांचे आजोबा राहतात. त्यातली मधली, हिनाता, घरची हिना. तिच्यात.

दुसऱ्या पर्वात हिनाच्या वर्गात तिच्या मैत्रिणीला, चिहोला, काही मुली वाळीत टाकतात. चिहो शेवटी शाळा सोडून जाते. तिची बाजू घेतली म्हणून मग हिनाची पाळी येते. एका संध्याकाळी ती रडत घरी येते, पुन्हा बाहेर धावत सुटते, आणि नदीकाठी रेईसमोर हुंदके देत सांगते की मला पश्चात्ताप होणार नाही, मी जे केलं ते चूक नव्हतंच.

हा भाग मी दिवा ते ठाणे या टप्प्यात पाहिला. ठाण्याला उतरले आणि प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसून राहिले. ऑफिसला उशीर झाला. रेईला ती आपल्या लहानपणाची तारणहार वाटते. मला मात्र तिचा राग आला होता, अगदी खरा राग. तिला जमलं, मग मला का नाही?

आता नववी 'ब'. फोटोतली ती मुलगी माझ्या शेजारी बसायची. मुरबाडकडच्या एका गावातून आलेली. वडिलांना इथे एमआयडीसीत काम लागलं म्हणून ते सगळे डोंबिवलीत आले होते. गणितात ती आमच्या सगळ्यांच्या पुढे होती. जूनमध्येच मराठीच्या तासाला बाईंनी तिला धडा वाचायला उभं केलं आणि तिने 'पाणी'चं 'पानी' वाचलं. मग 'लोणी'चं 'लोनी'. वर्ग हसला. बाईंनी तिला थांबवलं, पण वर्गाला काही म्हणाल्या नाहीत. "ण म्हण." ती म्हणाली, "न." "जीभ वर वळव. ण." दहा वेळा. शेवटी शेवटी तिच्या तोंडून काहीच येईना. त्या दिवसापासून ती पानीवाली झाली.

ज्या डोंबिवलीने १९९९ मध्ये पाडव्याची स्वागतयात्रा सुरू केली, ज्या गावात २०१७ मध्ये ९०वं साहित्य संमेलन भरलं, त्या गावात एका मुलीला तिच्या मराठीसाठी छळलं गेलं. बहिणाबाईंच्या कविता आम्ही शाळेत कौतुकाने पाठ केल्या होत्या. त्यांच्या बोलीतही 'ण'चा 'न' होतो. पुस्तकात छापला की तो गोडवा आणि शेजारच्या बाकावरून आला की गावंढळपणा? शुद्ध-अशुद्धाचा हा माज आपण अजून सोडलेला नाही. आजही मुलांना 'तो अशुद्ध बोलतो' म्हणून खेळायला न पाठवणारे आईवडील मी पाहते.

तर ऑगस्टमधली एक मधली सुट्टी. आम्ही डबा खाऊन परतलो तर तिचं दप्तर बाकावर उघडं पडलेलं आणि आत दोन बाटल्या पाणी ओतलेलं. फळ्यावर लिहिलं होतं, 'पानी प्या पानी.' इतिहासाची वही निळी झाली होती, शाई पानापानांतून वाहत होती. तिने वही काढली, खिडकीच्या गजांवर उलटी टांगली आणि खाली बसून पानं एकेक करून सुटी करू लागली. ओली पानं एकमेकांना चिकटली होती. ती फाटू नयेत म्हणून ती पट्टीच्या टोकाने उचलत होती. घंटा झाली तरी तिचं तेच चाललं होतं.

बाई आल्या. "कुणी केलं?" आम्ही ५८ जण गप्प. मला माहीत होतं. निम्म्या वर्गाला माहीत होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी फळ्याकडे पाहिलं. तिथली अक्षरं कुणीतरी अर्धवट पुसली होती. मग बाई तिला म्हणाल्या, "तू उच्चार सुधारलेस तर कोण कशाला हसेल? दोष आधी आपल्यात शोधावा."

दुसऱ्या दिवशी मी बाक बदलला. घरी सांगितलं की मला फळा नीट दिसत नाही. खरं कारण असं की माझ्याही वह्या भिजतील अशी भीती वाटली. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आली नाही. गावाकडच्या शाळेत गेली असं कळलं.

शोगीचा एक नियम बुद्धिबळात नाही. तिथे मारलेली सोंगटी डावातून जात नाही. जो मारतो तोच ती पुढे आपल्या बाजूने पटावर उतरवतो. हा नियम मी मालिकेत ऐकला तेव्हा मला माझी नववी समजली. मला कुणी छळलं नव्हतं. फक्त त्यांच्या बाजूने मांडलं होतं.

बरीच वर्षं मी सगळा दोष बाईंवर टाकत आले. हिनाची वर्गशिक्षिकाही आधी डोळेझाक करते, हिनाच्याच स्वभावात खोट काढते आणि शेवटी स्वतः कोसळते. ते पाहताना मला आमच्या बाईंची दया आली. ५८ मुलांचा वर्ग, पोर्शन, तपासायच्या वह्या. दोन भागांनंतर ती दया ओसरली. कारण त्यानंतर कोकुबू नावाचे शिक्षक वर्ग हाती घेतात आणि त्यांच्याकडे जादूची कांडी नसते. ते फक्त मान वळवत नाहीत. विचारत राहतात, बसून राहतात, उत्तर मिळेपर्यंत हलत नाहीत. एवढं करता येतं. आमच्या बाईंनाही आलं असतं.

मालिकेतली मला सर्वांत खरी वाटलेली गोष्ट म्हणजे सगळं मिटल्यावरही चिहो लगेच बरी होत नाही आणि छळणाऱ्या मुलीला खरा पश्चात्ताप झाला असंही दाखवलेलं नाही. आणखी एक. रेईला हिनासाठी काहीतरी मोठं करायचं असतं, तो पैशांचे हिशोब मांडू लागतो. त्याचे शिक्षक हायाशिदा त्याला सांगतात की आधी तिच्याशी बोल, तिला काय हवंय ते विचार. पालकांनो, हे एवढं करा. शाळेत जाऊन भांडण्याआधी मुलाला विचारा. मग हिनाच्या शाळेच्या सहलीच्या वेळी रेई ओसाकातला सामना जिंकून थेट क्योतोला धावतो. कामो नदीच्या काठी एकटी बसलेली हिना त्याला सापडते आणि तो तिला पोटदुखीचं औषध देतो. तिच्यासाठी कुणीतरी आलं, एवढंच त्या क्षणी खरं असतं.

माझ्या मुलीला मी ही मालिका दाखवली तेव्हा 'हिनासारखी हो' असं सांगायचं ठरवलं होतं. ऐन वेळी जीभ अडली. १३ वर्षांच्या पोरीवर एवढं धैर्य का लादायचं? वर्गात मोठं माणूस असताना शूर होण्याची पाळी मुलावर यावीच का? तरीही मी शूर व्हायला हवं होतं. ही दोन्ही वाक्यं मला खरी वाटतात आणि ती जुळत नाहीत.

फोटो आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या ग्रुपवर फोटोखाली तिचं पूर्ण नाव लिहिलं. पुढे लिहिलं, "ही गणितात वर्गात पहिली होती. तिचं दप्तर आपण भिजवलं आणि मी बाक बदलला." एकाने उत्तर दिलं, "अगं, तेव्हाची गंमत होती." बाकी कुणी काही बोललं नाही. तिचा नंबर ग्रुपमध्ये कुणाकडेच नाही.

शिक्षकांना हात जोडून एकच सांगणं आहे. वर्ग एखाद्या मुलाला हसत असेल तर दोष त्या मुलात शोधू नका. आणि त्याच्या शेजारच्या बाकावर कोण बसतं, तेही बघा.