बरणीतलं चीज आणि घरातली मर्यादा



आज एक पदार्थ सांगणार आहे आणि एक चूकही कबूल करणार आहे. चूक आधी सांगते, कारण पदार्थ तिच्यातूनच जन्माला आला.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या वाढदिवसाला मुलगा, सून आणि नात पुण्याहून सांगलीला आले होते. सून आमच्यातली नाही, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणींना माहीत आहे. घरात जाऊबाई, नणंद, दोन भाच्या, सगळं गोकुळ भरलेलं. सुनेनं पिशवीतून काचेची एक सुबक बरणी काढून माझ्या हातात दिली. हिरवट सोनेरी तेलात पांढऱ्या चौकोनी वड्या, मध्ये वाळलेली पानं, काळी मिरी, लिंबाच्या सालीची एक पट्टी. "आई, तुमच्यासाठी घरी केलंय. ऑलिव्ह तेलात मुरवलेलं चीज."

मी बरणी उजेडात धरली आणि पहिला प्रश्न विचारला, "कधी घातलंस?"

"आठ दिवस झाले. मुरायला हवं ना!"

"म्हणजे लोणचंच झालं की हे. आमच्यात नाही चालत." असं म्हणून बरणी ओट्यावर ठेवली आणि पुढच्या कामाला लागले. आवाज चढवला नव्हता, पण सगळ्यांनी ऐकलं. जाताना सुनेनं बरणी गुपचूप परत पिशवीत घातली.

चार दिवसांनी नातीचा फोन आला. बोलता बोलता ती म्हणाली, "आजी, मम्मीनं मुद्दाम लसूण नव्हता घातला. आणि दुकानात हिरवा ठिपका बघून, मागचं बारीक अक्षरातलं सगळं वाचून चीज घेतलं होतं." मग मला काही बोलताच येईना. ज्या मुलीला लहानपणापासून यातलं काहीही शिकवलेलं नव्हतं, तिनं दुकानात उभं राहून माझ्यासाठी घटक वाचले होते. आणि मी तिला चार माणसांत एका वाक्यात परत पाठवलं होतं.

तरी मैत्रिणींनो, माझा आक्षेप चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. माझ्या सासूबाईंनी मला या घरात आल्यावर पहिली शिकवली ती मर्यादा. पीठ पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५, हिवाळ्यात ७. दही २४ तासांच्या आतलं. लोणचंही त्या दिवसापुरतं, फोडी करून मीठ-तिखट लावायचं आणि संपवायचं. मुरवलेलं लोणचं २२ अभक्ष्यांत येतं. मी बी.कॉम. झालेली, मला ते माझ्या भाषेत लगेच समजलं होतं. दुकानाच्या वहीत आजची शिल्लक उद्यावर ओढतात, स्वयंपाकघराच्या वहीत ओढायची नाही. रोजचा मेळ रोज बसला पाहिजे. चाळीस वर्षं मी तसंच करत आले.

पण पदार्थ नाकारणं वेगळं आणि तो करणारीला नाकारणं वेगळं. मी एका दमात दोन्ही केलं होतं. दशलक्षण पर्व संपल्यावर क्षमावाणीच्या दिवशी तिला फोन केला. दरवर्षी करतेच, "कळत नकळत काही चुकलं असेल तर" असं म्हणून. या वेळी म्हटलं, "नकळत नाही, कळून चुकलं. त्या बरणीचं." ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आई, मला आधी विचारायला हवं होतं." मी म्हटलं, "आता मी विचारते. कसं करतात ते सांग."

मग आमचे फोन सुरू झाले. चीजबद्दल मलाच बरंच शिकायला मिळालं. दूध घट्ट करायला जे रेनेट वापरतात, ते मुळात दूधपित्या वासराच्या पोटातून काढत. इटलीतलं पार्मिजानो रेज्जानो आजही वासराच्याच रेनेटनं करतात, तसा तिथला नियमच आहे. ग्रीसमधलं फेटा मेंढीच्या दुधाचं, त्यात थोडं शेळीचं चालतं, आणि पारंपरिक पद्धतीत रेनेट करडा-कोकरांचं. हिरव्या ठिपक्याच्या चीजमध्ये तसलं रेनेट नसतं. पण हिरवा ठिपका म्हणजे लसूण नाही असं मात्र नव्हे. ते घटकांच्या यादीतच बघावं लागतं.

तेलाचंही असंच. मला वाटायचं तेलात बुडवलं की काही होत नाही. तेल जंतू मारत नाही, फक्त हवा अडवतं. आणि हवेशिवाय वाढणारेही जंतू असतात. ताजी पानं किंवा लसणीच्या पाकळ्या तेलात घालून बरणी बाहेर ठेवली, तर बॉट्युलिझमसारखी जिवावरची विषबाधा होऊ शकते, आणि ती वासावरून किंवा चवीवरून कळत नाही. म्हणून ज्यांच्या घरी मर्यादा पाळत नाहीत, त्यांनीही वाळलेलीच पानं घालावीत, बरणी फ्रीजमध्येच ठेवावी आणि थोड्या दिवसांत संपवावी. आपल्या आचार्यांनी हेच जंतू पाहिले होते वगैरे मी म्हणणार नाही. नियम हिंसा टाळण्यासाठी आहे, आणि माझ्यासाठी तेवढं पुरेसं आहे.

आता अडचण अशी की मुरल्याशिवाय चव येत नाही, आणि मुरवायला वेळ नाही. यावर आम्ही सासू-सुना बराच खल केला. शेवटी मार्ग निघाला तो पनीरमधून. ते घरी लिंबावर फाटतं, रेनेटचा प्रश्नच नाही. आणि तयार पनीरच्या वडीत बाहेरची चव शिरत नाही, तर ती दाबण्याआधीच आत घालायची.

तर कृती अशी. २ लिटर म्हशीचं दूध सकाळी तापवावं. उकळी आली की गॅस बंद करून दोन मिनिटं थांबावं. ४ मोठे चमचे लिंबाचा रस तेवढ्याच गाळलेल्या पाण्यात मिसळून थोडा थोडा घालावा, हलक्या हातानं ढवळावं. हिरवट निवळी वेगळी दिसली की थांबावं, सगळा रस घालायचाच असं नाही. पातळ सुती कापडात गाळून वरून गार पाणी घालावं, म्हणजे आंबटपणा जातो. निवळी टाकू नका, भाकरीचं पीठ त्यात मळावं.

आता महत्त्वाचं. चोथा कापडात असतानाच त्यात पाऊण चमचा मीठ, जाडसर कुटलेली मिरी आणि वाळलेलं ओरेगॅनो चोळून घालावं. मग पुरचुंडी बांधून वर वजन ठेवावं. पाऊण तासानं घट्ट वडी निघते, साधारण ४०० ग्रॅम. चौकोनी तुकडे करून कोरड्या कापडानं टिपून घ्यावेत.

६ मोठे चमचे ऑलिव्ह तेल अगदी कोमट करावं, धूर येता कामा नये. त्यात चिमूटभर हिंग, थोडं थाईम किंवा रोझमेरी, एक मोडलेली सुकी मिरची घालावी. लसणीची उणीव हिंग पुष्कळशी भरून काढतो. गार झाल्यावर लिंबाची किसलेली साल घालून तुकड्यांवर ओतावं. बरणी भरून तेल लागतं ते टिकवण्यासाठी. आपल्याला टिकवायचंच नाही, तर तुकडे माखले की झालं. ऑलिव्ह तेलाचा भाव बघता वहीलाही हेच बरं! व्हिनेगर आणि खारातली ऑलिव्हची फळं मी घालत नाही. सकाळी ९ ला माखलं की दुपारी १ पर्यंत छान लागतं, आणि सूर्यास्ताच्या आत संपवायचं. ताटलीत राहिलेलं तेल गरम ज्वारीच्या भाकरीला लावून खावं.

नाताळच्या सुट्टीत सगळे आले तेव्हा आम्ही दोघींनी मिळून केलं. चोथा मी दाबला, तेल तिनं केलं. जेवायला जाऊबाई मुद्दाम बोलावल्या होत्या. वाढताना मी म्हटलं, "हा पदार्थ आमच्या सूनबाईंचा आहे." उन्हाळ्यात जे चार माणसांत बोलले होते, ते चार माणसांतच फिरवायचं होतं.

मी तिला खाजगीत विचारलं, "तुझ्या बरणीसारखं झालंय का?" ती खरं बोलणारी मुलगी आहे. म्हणाली, "तसं नाही झालं आई. ते वेगळं लागतं. पण हेही चांगलं आहे." मला ते उत्तर आवडलं.

तिची आठ दिवसांची बरणी पुण्याच्या फ्रीजमध्ये अजूनही असते. गेल्या महिन्यात गेले होते तेव्हा दिसली. कधी घातली ते मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले, तर ओट्यावर २ लिटर दूध आणि धुतलेलं सुती कापड काढून ठेवलेलं होतं.