उताणं पडलेलं झुरळ

बोईसरला, तारापूर एमआयडीसीच्या वाटेवर, माझी आत्या राहते. झोपण्याआधी गॅसच्या मागे फवारा मारायचा आणि सकाळी मेलेली झुरळं झाडायची, हा तिचा वर्षानुवर्षांचा नेम. गेल्या पावसाळ्यात मी तिच्याकडे होतो तेव्हा सकाळी झाडायला काही सापडेना. रात्री उताणी पडलेली झुरळं पहाटेपर्यंत पसार!

“औषधच पातळ करून विकतात हल्ली,” शेजारच्या काकू म्हणाल्या.

आत्याने आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलेलं. तिने केळव्याच्या एका घरातून, जिथे फवारा कधी मारलाच नव्हता, तशीच बारीक झुरळं मागवली: तपकिरी, डोक्यामागे दोन काळ्या रेघा असलेली. दोन बरण्या, काठाला आतून व्हॅसलिन, तळाला एकाच डब्यातलं औषध मारलेला कागद. एकीत घरची 10 झुरळं, दुसरीत केळव्याची 10. मी घड्याळ धरून बसलो. थोड्याच वेळात दोन्हीकडची उताणी झाली.

“झालं की गं आत्या!”

“थांब. पडणं म्हणजे मरणं नव्हे.”

तिने सगळी कोऱ्या बरण्यांत हलवली, ओला कापूस नि बिस्किटाचा चुरा ठेवला. 24 तासांनी केळव्याची सगळी मेलेली होती. बोईसरची सात चालत होती.

प्रयोगशाळेत विष मोजून देतात आणि तुलनेला पिढ्यान्‌पिढ्या विषापासून दूर वाढवलेली झुरळं असतात. आत्याचा प्रयोग त्यामानाने ढोबळ. पण औषधात खोट नव्हती, एवढं त्यातून नक्की कळलं. घरगुती फवाऱ्यांतली पायरेथ्रॉइडं मज्जातंतूंमधल्या सोडियमच्या वाटा बंद होऊ देत नाहीत. काही झुरळांत त्या वाटांची घडणच बदललेली असते. काहींच्या शरीरातली विकरं विष फोडून टाकतात. ‘जर्मन’ म्हणतात त्या याच जातीत, अमेरिकेत कॉर्पस क्रिस्ती इथे, क्लोर्डेन या कीटकनाशकाला दाद न देणारी झुरळं 1950 च्या दशकाच्या सुरुवातीलाच आढळली होती. मादीच्या एका कोशात 30-40 अंडी. आत्याच्या रोजच्या फवाऱ्यातून वाचलेल्यांचीच पिल्लं ओट्यामागे वाढत होती, हे तिला फार लागलं.

तिने फवारा बंद केला. गळका नळ दुरुस्त केला, ओट्याच्या फटी पांढऱ्या सिमेंटने बुजवल्या, विषारी आमिषाच्या जेलचे ठिपके लावले. जेलवरही ती डोळे मिटून विसंबत नाही. गोड आमिषातलं ग्लुकोज काही झुरळांना कडू लागतं, हे 2013 मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालं आहे. म्हणून ठिपका खाल्ला जातोय की तसाच वाळतोय, हे ती रोज रात्री बॅटरी घेऊन बघते.