मोऱ्याच्या लाँचवरून

भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच सुटली की उत्तरेला दारूखाना दिसतो. जहाजं मोडायची ही जागा. 1961 साली नौदलात आलेली आणि 1997 साली निवृत्त झालेली विमानवाहू 'विक्रांत' नोव्हेंबर 2014 पासून इथेच तोडली गेली. काही वर्षं संग्रहालय म्हणून लोकांनी तिच्यावर पाय ठेवला होता, तरी ती वाचली नाही. या पाण्यावरून जाताना मला अजून त्याचं वाईट वाटतं.

तिच्या विमानांचं नशीब बरं. 4 डिसेंबर 1971 ला तिच्या डेकवरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले. सी हॉक, अलिझे, सी हॅरियर या तिन्ही जातींची विमानं आज गोव्यात, बोगमाळो रस्त्यावरच्या नौदलाच्या विमान संग्रहालयात पाहता येतात.

घारापुरी डावीकडे सरते आणि उरणचं मोरा बंदर येतं. ओहोटी असेल तर गाळामुळे लाँचवाल्यांची तारांबळ उडते. उरण म्हणजे जुनं करंजा बेट. पोर्तुगीज, मग मराठे आणि 1782 च्या सालबाईच्या तहाने कायमचे इंग्रज. आता करंजाला नौदलाचं शस्त्रागार आहे, त्यामुळे बराच भाग आपल्यासाठी बंद.

पुढे मिठागरं लागतात. इथल्या घरांच्या खिडक्यांचे गज बघावेत: रंगाखालून गंज फुगून वर आलेला, बोट लावलं की पापुद्रा हातात. प्रदर्शनाला ठेवलेल्या विमानाचा शत्रूही हाच खारा वारा. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला पोलादी स्क्रू भिडतो तिथे खारं पाणी साचलं की ॲल्युमिनियमच झिजतं आणि स्क्रूभोवती पांढरी भुकटी धरते. नुसता वरून रंग मारला तर ती आत वाढतच राहते. म्हणून रंग पार पत्र्यापर्यंत खरवडायचा, प्रायमर द्यायचा आणि मगच स्क्वाड्रनचे रंग. त्याआधी वैमानिकाच्या आसनाखालची स्फोटकं काढायची, टाक्या रिकाम्या करायच्या. हवा शिरायच्या तोंडांना जाळी, नाहीतर पाखरं घरटी करतात. पोटाला पाणी निथळायला भोकं. टायरांवरचा भार टेकूंवर.

उरणला एखादं सी हॅरियर यावं, असं मला मनापासून वाटतं. ज्यांच्या गावाची जमीन नौदलाकडे आहे, त्या पोरांना ते हात लावून बघता यावं. पण चौकात, उघड्यावर, खांबावर चढवून नको. आधी छप्पर बांधा, दर पावसाळ्यानंतर पत्रा तपासायला जाणता माणूस नेमा, त्याच्या पगाराची तजवीज करा. विमान त्यानंतर मागा.